एकालाही सोडायचं नाही

११ जानेवारी, रविवार

बोर्डिंगमध्ये रविवारी दुपारी दोन ते तीन पत्रलेखनाचा तास असायचा. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, प्रत्येकीपुढे एक कागद. दौत माझ्या शेजारी. तिला घरी काय लिहावं ते कधी सुचायचं नाही, म्हणून ती माझ्या कागदावर वाकायची आणि दिसेल ते उतरवून मोकळी व्हायची. एकदा मी आईला लिहिलं, ‘तुझा खोकला आता कसा आहे?’ पुढच्या आठवड्यात दौतच्या आईचं घाबरं पत्र — मला खोकला झालाय हे तुला कोणी सांगितलं!

ती बुटकी, गोल. मी काटकुळी. वर्गाने नाव ठेवलं, दौत-टाक. तेच राहिलं.

गेली बावीस वर्षं आम्ही तीच वेळ पाळतोय. ती समुद्रापलीकडे, मी इथे. रविवारी दोनला मी संगणकापुढे बसते, तिला पत्र लिहिते, तिचं आलेलं वाचते. ती वाचून झालं की पुसून टाकते — ‘मी काय कारकून आहे?’ कारकून मी. तिची नि माझी, दोघींची सगळी पत्रं माझ्याच खात्यात.

आज दोनला बसले. खातं उघडेना. ‘नियमभंगामुळे आपले खाते स्थगित करण्यात आले आहे.’

नियमभंग! मी! त्रेसष्ट वर्षांत मी वाचनालयाचं पुस्तकसुद्धा उशिरा परत केलेलं नाही.

१२ जानेवारी

धाकटी कामावरून आल्यावर बसली माझ्याबरोबर. “आई, भलत्याच कशावर बोट दाबलंस का?”

“मी भलत्या गोष्टींना हात लावत नाही.”

तिने तक्रारीचा अर्ज शोधून काढला. आधी म्हणे, आपण माणूस आहात हे सिद्ध करा. नऊ चौकोन. ज्यांत जिना आहे ते निवडा. एकात नुसता कठडा होता. कठडा म्हणजे जिना का? मी धरला. चूक. दुसऱ्यांदा सोडला. तेही चूक.

हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, “लग्नाला अडतीस वर्षं झाली, माझीही अजून खात्री पटलेली नाही.”

हसले. पण मनातून चरफडत होते.

१३ जानेवारी

उत्तर नाही.

१५ जानेवारी

कंपनीचा एक ‘सहाय्यक’ आहे. माणूस नाही, यंत्र. आपण लिहायचं, ते लगेच उत्तर देतं, आणि इतकं गोड की ह्यांनी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.’ मी विचारलं, कोणता नियम मोडला? ‘सुरक्षिततेच्या कारणास्तव ते सांगता येत नाही.’ का? ‘सांगितल्यास नियम कसा चुकवावा हे लोकांना कळेल.’ म्हणजे नियम कळला तर लोक तो पाळतील, ही शक्यताच नाही!

मी रीतसर इंग्रजीत पत्र लिहिलं. चार परिच्छेद, एकही चूक नाही, शेवटी ‘आपली विश्वासू’. गोडबोल्याने सात सेकंदांत वाचून आभार मानले.

आमच्या सिस्टर पत्रं वाचायच्या, लाल पेन्सिलीने नको त्या ओळी खोडायच्या. ‘इथलं जेवण वाईट आहे’ ही ओळ माझ्या एकाही पत्रातून घरी पोचली नाही. पण सिस्टर बोलावून घ्यायच्या. समोर उभं करायच्या. ‘ही ओळ का लिहिलीस?’ विचारायच्या. निदान त्यांना तोंड होतं.

१८ जानेवारी, रविवार

दोन वाजले. वहीच घेऊन बसले.

इथे स्पष्ट लिहिते, उगीच स्वतःपासून लपवण्यात अर्थ नाही. दौत आजारी आहे. घशाची शस्त्रक्रिया नोव्हेंबरात झाली, आवाज गेला. फोनचा प्रश्नच मिटला, पत्र तेवढं उरलं. डिसेंबरात लिहिलं होतं, ‘गाठ परत आलीय, डॉक्टर आता हवापाण्यावर बोलतात.’ घर आवरून ती मुलाकडे राहायला गेली. त्याचा पत्ता, त्याचा नंबर, सगळं त्याच पत्रात. मी उतरवून घेतलं नाही. कशाला घेऊ? पत्र कुठे जाणार होतं!

तिचा इंटरनेटवरचा पत्ता तरी? मी ‘दौ’ एवढं टाइप केलं की पुढचं आपोआप यायचं. नावापुढे चार आकडे आहेत. कोणते, देव जाणे. धाकटीच्या खात्यावरून अंदाजाने दोन ठिकाणी पाठवलं. एक परत आलं. दुसऱ्याला कोण्या अनोळखी माणसाचं उत्तर आलं, भाषा कळली नाही, पण शेवटी तीन उद्गारचिन्हं होती.

उद्या तिच्या जुन्या घरी टपालाने पत्र टाकते. तिकडचं पोस्ट ते नव्या पत्त्यावर पुढे पाठवतं म्हणे.

२१ जानेवारी

कंपनीचं उत्तर आलं! शासकीय यंत्रणेच्या विनंतीवरून खातं बंद केलंय. तपशिलासाठी त्या यंत्रणेकडे चौकशी करावी. येणारी पत्रं जमा होत राहतील, मला दिसणार नाहीत. आणि साठ दिवसांत निवारण न झाल्यास सगळं कायमचं पुसलं जाईल. म्हणजे १२ मार्च.

सरकारला माझ्या पत्रांशी काय करायचंय? त्यात आहे काय? गुडघे, मुली, टोमॅटोला लागलेली कीड.

२३ जानेवारी

सरकारी कार्यालय, तिसरा मजला. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्च्या, त्यातल्या दोन मोडक्या, आणि नेमक्या त्याच दोन रिकाम्या.

खिडकीतली बाई मान वर न करता म्हणाली, “आजी, टोकन घ्या.”

“मी अजून कोणाची आजी नाही.”

“बरं काकू, टोकन घ्या.”

दीड तासाने साहेब. पाठीला उशी लावून बसलेले, माणूस तसा सभ्य. संगणकात बघून म्हणाले, “मॅडम, खातं आम्ही नाही बंद केलं. कंपनीने केलं.”

“कंपनी म्हणते तुम्ही सांगितलंत.”

“आम्ही फक्त खबरदारी घ्या म्हटलं. कारण त्यांनीच आम्हाला कळवलं होतं.”

“काय कळवलं होतं?”

“ते गोपनीय आहे.”

“माझ्याचबद्दल, आणि माझ्यापासूनच गोपनीय?”

“तसंच असतं, मॅडम.”

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांची सगळी नोकरी टेलिफोनच्या तारांवर गेली. म्हणाले, “आमच्या वेळी लाइन गेली की जागा सापडायची. शिडी लावायची, वर चढायचं, जोडायची. आता शिडी लावायची कुठे? तार कंपनीची, खांब सरकारचा. आवाज तेवढा आपला — आणि तोही आपण त्यांच्याकडेच ठेवायला दिलेला.”

३ फेब्रुवारी

आज कळलं. हसू की रडू!

तिसरी खेप. साहेबांना बहुधा माझा कंटाळा आला, नाहीतर दया आली. दार लोटून घेतलं, एक कागद काढला, माझ्याकडे न देता स्वतःच वाचायला लागले. माझ्या ४ जानेवारीच्या पत्राचं यंत्राने केलेलं भाषांतर.

“‘मे महिन्यात मोठा स्फोट घडवून आणण्याचे निश्चित झाले आहे. सभागृह रेल्वे स्थानकासमोर. वेळ सायंकाळी साडेसहा, कामावरून सुटणारे सर्वजण सापडतील. मागील वेळी अनेकजण वाचले. या वेळी एकालाही सोडायचे नाही.’”

मी बघतच राहिले. मग एकदम लख्ख पेटलं डोक्यात.

“अहो, लग्न आहे! माझ्या धाकटीचं लग्न! लग्नाचा बार उडवायचाय! मोठीच्या लग्नात निम्मे लोक बोलवायचे राहिले होते, म्हणून या वेळी एकालाही सोडायचं नाही — आमंत्रणातून हो!”

साहेब हसले. चक्क हसले. “मला कळतंय हो, मॅडम. माझ्या मेव्हणीचा बार गेल्याच वर्षी उडवला आम्ही.”

“मग झालं तर!”

“मला कळून काय उपयोग? फाइलला कळलं पाहिजे. फाइलमध्ये स्फोट आहे.”

मूळ पत्र म्हणे भाषांतर विभागाकडे गेलंय, त्यांचा अभिप्राय यायचाय. आणि गंमत अशी की यंत्र कंपनीचं. यंत्राने कंपनीला सांगितलं स्फोट. कंपनीने सरकारला कळवलं. सरकार म्हणालं, खबरदारी घ्या. कंपनी म्हणाली, सरकारने सांगितलंय, बंद करा. सगळ्यांनी एकमेकांचं ऐकलं. मूळ ओळ कोणी वाचलीच नाही.

मग साहेब म्हणाले, “आणि बाहेरच्या देशातून उत्तरही आलंय ना. ‘स्फोट जोरात होऊ दे. मी तेथे नसेन, पण आवाज सीमेपलीकडे ऐकू आला पाहिजे.’”

दौत. ११ तारखेचं पत्र. म्हणजे तिने लिहिलंय! मी नसेन, म्हणते.

“पुढे काय लिहिलंय तिने?”

“पुढचं गोपनीय आहे, मॅडम.”

माझ्या मैत्रिणीचं पत्र त्यांच्या हातात. माझ्यापासून दोन हातांवर. टेबल ओलांडून कागद ओढून घ्यावा असं वाटलं. कॉन्व्हेंटचं वळण आडवं आलं. त्या शाळेने मला बाकी काय दिलं असेल ते असो, हात आवरायला शिकवलं, त्याचा आज पहिल्यांदा राग आला.

४ फेब्रुवारी

ह्यांचं म्हणणं, ‘हा तर ध चा मा झाला.’ धाकटीचं म्हणणं, ‘आई, नुसतं लग्न करणार एवढं लिहिलं असतंस तर?’

नुसतं लग्न! दौतला?

९ फेब्रुवारी

साहेबांनी एक वाट सुचवली. ‘बार उडवणे’ म्हणजे स्फोट नव्हे, असा पुरावा जोडा. शब्दकोशातलं पान, साक्षांकित करून.

वाचनालयात गेले. मोठा कोश काढवला. ‘बार’. पहिला अर्थ — बंदुकीत ठासलेली दारू! दुसरा — तिचा आवाज! मग झाडाचा बार, मग चिमूटभर तंबाखू, आणि लग्न कुठेतरी पार खाली, बारीक अक्षरात.

ह्यांना दाखवलं तर पोट धरून हसले. “अगं, कोश तुझ्याच विरुद्ध साक्ष देतोय! हात दाखवून अवलक्षण!”

शेवटी शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंकडून पत्र घेतलं — लग्न, मुंज, समारंभ थाटात उरकणे या अर्थाने हा वाक्प्रचार रूढ आहे, त्यात जीवितहानी अपेक्षित नाही. मुख्याध्यापकांचा शिक्का. दुसऱ्या शिक्क्यासाठी दोन दिवस.

११ फेब्रुवारी

नळ पुन्हा फुटला. धाकटीच्या फोनवरून प्लंबरला लिहीत होते, ‘लगेच या, नाहीतर माझा जीव घ्याल.’ धाकटीने हातातून फोन काढून घेतला. पुसलं. लिहिलं, ‘नळ गळत आहे. कृपया यावे.’

बघत बसले त्या ओळीकडे. अशीच लिहायची का आता मराठी? काटा काढला, सुरुंग लावला, डोकं फिरवलं, वाट लावली — या भाषेत प्रेमानेसुद्धा मारामारीच केली जाते. दौत मला प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायची, ‘भेट, मग बघते तुला.’ त्याचं यंत्राने काय केलं असेल!

१४ फेब्रुवारी

कालपासून शहरात इंटरनेट बंद. कुठेतरी काहीतरी झालंय, अफवा पसरू नयेत म्हणून बंद. काय झालंय ते कळायला मार्ग नाही, त्यामुळे गल्लीत नुसत्या अफवाच.

माझे शिक्क्यांचे कागद तयार. कंपनीची खिडकी मात्र फक्त इंटरनेटवर.

१७ फेब्रुवारी

सुरू झालं. गोडबोल्याचा निरोप येऊन पडला होता — १३ तारखेचा. ‘४८ तासांत अधिक माहिती द्यावी.’ त्याखाली १५ तारखेचा. ‘आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. आपला अनुभव कसा वाटला? पाचपैकी तारे द्या.’

सरकारने तोंड दाबलं, आणि कंपनी म्हणते बोलली का नाहीस!

नवा अर्ज केला. पुन्हा जिने. आता जिने ओळखायला येतात मला.

२० फेब्रुवारी

टपालाचं पत्र परत आलं. ‘येथे राहत नाहीत.’ माझंच अक्षर, माझ्याच हातात.

धाकटी म्हणाली, इंटरनेटवर एका ठिकाणी दौतमावशीचा मुलगा सापडेल, तिकडचे सगळे लोक त्याच्यावर असतात. उघडून बघितलं तर पांढरं पान. ती जागा आपल्याकडे सरकारने मागच्या वर्षीच बंद केलीय. आडवाटेने जाता येतं म्हणाली, पण बेकायदा आहे.

मी म्हटलं, “जा.”

हे म्हणाले, “अगं, नावावर आधीच एक स्फोट आहे.”

“तर दोन होतील!”

धाकटी गेली आडवाटेने. त्या नावाची एकशे चाळीस माणसं निघाली. मुलाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो सात वर्षांचा होता, पुढचे दोन दात नव्हते. चेहरे बघत बसले. आता सगळ्यांनाच दात आहेत. अकरा जणांना लिहिलं. एकाचंही उत्तर नाही. मीही दिलं नसतं, अनोळखी बाईला.

२५ फेब्रुवारी

साहेबांनी बाईंचं पत्र फाइलला लावलं. वर पाठवलं.

‘वर’ म्हणजे चौथा मजला. मी म्हटलं, मी नेऊन देते, एकच जिना आहे. तसं चालत नाही.

२ मार्च

जिंकले! सरकारी पत्र हातात. ‘सदर खात्याबाबत या कार्यालयाची हरकत नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.’ साहेबांनी उठून दिलं, पाठ दुखत असताना. खिडकीतल्या बाईनेसुद्धा मान वर केली. “झालं का काकू? लग्नाला बोलवा आता.”

“तुम्हालाही सोडणार नाही!” म्हटलं. तीही हसली. कुणी ऐकलं नसावं अशी आशा.

दहा दिवस आहेत. पुरेत.

३ मार्च

गोडबोल्या — ‘खातेदाराने सादर केलेली शासकीय पत्रे ग्राह्य धरली जात नाहीत. संबंधित यंत्रणेने ती अधिकृत मार्गाने थेट पाठवावीत.’

साहेबांकडे. साहेब म्हणाले, बंद करण्याचा अधिकृत मार्ग आहे आमच्याकडे, उघडण्याचा नाही. अशी वेळच कधी आली नव्हती. तरी त्याच मार्गाने पाठवलं बिचाऱ्यांनी. माझ्यासमोर.

७ मार्च

‘आपली विनंती रांगेत आहे.’

९ मार्च

रांगेत.

११ मार्च

गोडबोल्याला लिहिलं. इंग्रजीत नाही. मराठीत. जे तोंडाला येईल ते. सगळे सुरुंग, सगळे काटे, सगळे बार. धाकटीने अडवलं नाही. शेजारी बसून राहिली.

उत्तर आलं — ‘आपल्या शुभेच्छांबद्दल धन्यवाद.’

१२ मार्च

पुसलं.

१५ मार्च, रविवार

बावीस वर्षं. काय काय होतं त्यात? आठवायला बसले तर हाताला काहीच लागत नाही. ती पहिल्यांदा बर्फात घसरली ते पत्र. तिच्या नवऱ्याचं आजारपण, तिने एक अक्षर न लिहिता फक्त तारखा लिहिल्या होत्या. माझी आई गेली तेव्हा तिने रोज एक ओळ पाठवली, चाळीस दिवस. त्यातली एकच आठवते — ‘आज जेवलीस का? खोटं बोलू नकोस.’

हे म्हणाले, “कागदावर काढून ठेवायला हवी होतीस.” मग उठून चहा केला, साखर विसरले. मी तसाच प्यायले.

पत्रं गेली ती गेलीच. पण ती तिकडे काय समजत असेल? टाकने पाठ फिरवली, नेमकी आत्ताच — हेच ना! हे कोणत्या खिडकीत जाऊन सांगू?

२६ मार्च

कार्यालयातून फोन. खिडकीतली बाई. “काकू, तुमचं प्रकरण बंद झालं ना, ते कागद नष्ट करायचेत. तुमची सही लागेल. की घेऊन जाता?”

“कसले कागद?”

“तुमचीच पत्रं की. कंपनीने आम्हाला पाठवलेली. छापून फाइलला लावायची पद्धत आहे.”

“घेऊन जाते!”

२८ मार्च, शनिवार

दोन बोटं जाडीची फाइल. नोव्हेंबरपासून २ मार्चपर्यंत. कंपनीने पुसलं, सरकारने छापून ठेवलं! कोणाचे उपकार मानू? मूळ मराठीत आहेत सगळी, जशीच्या तशी.

आणि प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीत कोणाचं तरी बारीक, नीट अक्षर. भाषांतर विभागाचा माणूस — की बाई, कोण जाणे. माझ्या त्या बार उडवण्याच्या पत्रावर लिहिलंय, ‘वाक्प्रचार. लग्न थाटात करणे. धोका नाही.’ तारीख, १४ जानेवारी.

चौदा जानेवारी! मी अर्ज करायला लागून दोन दिवस झाले होते. अभिप्राय आला होता. फाइलला लावला होता. फाइल कोणी उघडली नव्हती.

तिची आठ पत्रं आहेत, मी न वाचलेली, ११ जानेवारीचं धरून. क्रमाने वाचली.

१८ जानेवारी — ‘काय गं, हात मोडला का? पायाने लिही.’

२५ जानेवारी — ‘लग्नाची गडबड कळते मला. पण एक ओळ? दौत, मर — एवढं लिहिलंस तरी चालेल.’

१ फेब्रुवारी — ‘माझं काही चुकलं का? मागे तुझ्या ह्यांना चिक्कू म्हटलं होतं ते मागे घेते. अर्धं.’

८ फेब्रुवारीचं लांब आहे. आठवेल तेवढ्या सगळ्या गोष्टींची माफी मागितलीय. माझं इतिहासाचं पुस्तक हरवलं ते तिनेच तळ्यात टाकलं होतं म्हणे. एवढ्या वर्षांनी कळलं. मला कुठे ती माफी हवी होती!

२२ फेब्रुवारी — ‘मुलाला म्हटलं टपालाने पाठव. तो म्हणतो टपालपेटी कुठे असते ते विचारून येतो. गेलाय तो गेलाय.’

या आठही पत्रांच्या कडेला पेन्सिल आहेच. धोका नाही. धोका नाही. धोका नाही. शेवटच्या, १ मार्चच्या पत्रावर — ‘धोका नाही. या बाईंना कोणीतरी उत्तर द्यावे.’

कोणीतरी वाचत होतं. माझ्याऐवजी.

तिचं १ मार्चचं पत्र लहान आहे. ‘आज दोनला वाट पाहिली. उद्याही बघेन, उद्या रविवार नसला तरी. टाक, हा मुलाचा नंबर परत देते. मला बोलता येत नाही. ऐकता येतं. तू बोल, मी फोन कानाला धरते.’

नंबर आहे! आकडे पाठ केले. वहीत लिहिले, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले, ह्यांनी तळहातावर लिहून घेतले. तिकडे आत्ता सगळे झोपलेले असणार. उद्या सकाळी. काय बोलायचं ते ठरवतेय. आधी शिव्या. आधी पुस्तकाबद्दल शिव्या, मग स्फोटाची गोष्ट. तिला आवाज नसला तरी हसताना श्वास लागतो, तो ऐकू येईल.

२९ मार्च, रविवार

फोन मुलाने घेतला. दौत ९ तारखेला गेली.

शेवटच्या आठवड्यात तिने त्याला यादी लिहून दिली होती. त्याने वाचली, मी उतरवून घेतली.

शिवणयंत्र — सुनेला. तिला शिवता येत नाही, शिकेल.

हिरवी शाल — टाकच्या धाकटीला, लग्नात. इस्त्री करून पाठवणे.

पुस्तकं — इस्पितळाच्या वाचनालयाला. शेवटची पानं फाटलेली सोडून.

तिन्ही चष्मे — ज्याला कमी दिसतं त्याला.

टाकला — काही नाही. आधी माझ्या आठ पत्रांची उत्तरं दे म्हणावं, मग बघू.